शिंगं रंगवलेला बैल आणि ‘ओरिजिनल’ मस्टंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या अमेरिकी मसल कारवर पानभर मजकूर आला. फोटो झकास होते. पण एका गाडीखाली ‘शंभर टक्के ओरिजिनल’ आणि दुसरीखाली थेट कोटीतला आकडा छापला आहे, आणि या दोन्हींना आधार काय, हे मजकुरात कुठेच नाही. मडगार्डावरचा बिल्ला वाचून किंमत सांगणं म्हणजे माळेगावच्या यात्रेत शिंगांचा रंग बघून बैल घेणं. देवणी जोडी घ्यायला आलेला शेतकरी आधी जबडा उघडून दात बघतो, मग खांदा चाचपतो, मग चार पावलं चालवून बघतो. शिंगांना बेगड लावली आहे की नाही, हे त्याच्या खिजगणतीतही नसतं. जुन्या गाडीलाही दात असतात. ते कुठे असतात आणि कसे बघायचे, यासाठी हे पत्र.

विषय मराठवाड्याला परका वाटेल, पण आता तसा तो राहिलेला नाही. संभाजीनगर, लातूर, नांदेडची कितीतरी मुलं टेक्सास-मिशिगनमध्ये नोकरीला आहेत. त्यातल्या काहींना फोर्डच्या जुन्या मस्टंगचा नाद लागतो, आणि पैसे भरायच्या आदल्या रात्री इकडे काकांना फोन येतो, ‘घेऊ का?’ काका ट्रॅक्टरच्या इंजिनात हात काळे केलेले असतात, त्यामुळे त्यांना विचारणं चुकीचंही नाही. फक्त काय बघायचं ते माहीत हवं.

मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या साध्या गाडीत बसवलेलं मोठं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. १९६४ची पॉन्टियाक जीटीओ ही तिची सुरुवात मानतात. लेमान्स नावाच्या घरगुती गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन. सगळी गोम इथेच आहे. पत्रा तोच, काचा त्याच, दारं तीच. फरक इंजिनाचा, सस्पेन्शनचा आणि बिल्ल्यांचा. म्हणजे साधी गाडी आणून, कॅटलॉगमधून बिल्ले, बॉनेट, पट्टे मागवून आणि दुसरीकडचं इंजिन टाकून तिची ‘एसएस’ (शेव्हरलेची जोरदार आवृत्ती) किंवा ‘जीटीओ’ करता येते. अशी गाडी वाईट नसते. चालवायला ती मजेदारही असेल. पण तिला खरीचा भाव देणं म्हणजे यंत्रमागाच्या लुगड्याला येवला-पैठणच्या हातमागाचा भाव देणं.

तर आधी नंबर, म्हणजे पाटीवरचा नव्हे, कारखान्याने गाडीला दिलेला ओळख क्रमांक. १९८१पासून सगळ्यांना सतरा अक्षरांचा एकसारखा नंबर आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होती. फोर्डची बोलकी आहे. जानेवारी २०२०मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात १९६८ची एक मस्टंग जीटी शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली, तेव्हाच्या दराने साडेसव्वीस कोटी रुपयांच्या आसपास. रंग विटलेला, पत्र्यावर गंज. ‘बुलिट’ चित्रपटातल्या पाठलागात वापरलेली म्हणून एवढा भाव, हे खरंच. पण ती तीच गाडी, हे ठरलं नंबरावरून आणि कागदांवरून. तिचा नंबर ८-आर-०२-एस-१२५५५९. ८ म्हणजे १९६८, आर म्हणजे कॅलिफोर्नियातला सॅन होजेचा कारखाना, ०२ म्हणजे फास्टबॅक (छत मागे उतरत गेलेली), एस म्हणजे ३९० घनइंचांचं चार बॅरल (चार तोंडांच्या) कार्ब्युरेटरचं इंजिन, आणि पुढे अनुक्रमांक. एका ओळीत गाडीची जन्मपत्रिका.

१९६५-६६च्या मस्टंगमध्ये याच जागी ‘के’ असेल तर २८९ इंचांचं २७१ हॉर्सपॉवरचं खास इंजिन, ‘सी’ असेल तर तेच २८९ पण साधं दोन बॅरलचं, आणि ‘टी’ असेल तर सहा सिलिंडरचं. नंबरात ‘टी’ आणि बॉनेटखाली व्ही-८ दिसलं, तर ती सहा सिलिंडरचीच गाडी समजायची, इंजिन कितीही दणक्यात चालो. एक सोपी खूण: त्या वर्षांतल्या सहा सिलिंडरच्या मस्टंगला चाकाला चार नट येत, व्ही-८ला पाच. नंबर ड्रायव्हरच्या बाजूला, बॉनेटखालच्या आतल्या पत्र्याच्या वरच्या कडेवर ठोकलेला असतो. तो दिसावा म्हणून मडगार्डाच्या कडेला अर्धगोल खाच असते. दारावरची पट्टी रिव्हेटने लावलेली असते, ती काढता-घालता येते. त्यामुळे आधी पत्र्यावरचा नंबर बघायचा आणि दारावरची पट्टी त्याच्याशी ताडून बघायची. १९६७पासूनच्या फोर्ड गाड्यांचे कारखान्याचे हिशेब केव्हिन मार्टी यांच्याकडे आहेत. नंबर दिला की गाडी कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनात, कोणत्या सामानासह बाहेर पडली, याचा दाखला विकत मिळतो. लाखभर डॉलरच्या व्यवहारात एवढा कागद न मागणारा माणूस आपल्याकडे सातबारा न बघता जमीन घेईल.

क्रायस्लरच्या गाड्या त्याहून सोप्या. १९७०च्या नंबराची सुरुवात बीएस२३आर०बी अशी असेल तर प्लिमथ कुडा, दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या छताची), ‘आर’ म्हणजे ४२६ हेमी इंजिन, शून्य म्हणजे १९७०, आणि शेवटचा ‘बी’ म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. त्या वर्षी हेमी कुडाच्या ६५२ हार्डटॉप आणि अवघ्या १४ उघड्या गाड्या झाल्या. १९७१च्या एका उघड्या हेमी कुडाला २०१४मध्ये सिअॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलर आले. पाचव्या जागी ‘आर’ऐवजी ‘एन’ असेल, तर इंजिन ३८३ आणि किंमत त्याच्या काही अंशांत.

खरी डोकेदुखी शेव्हरलेची. १९६९च्या कॅमारोचा नंबर १२४३७९एन अशाने सुरू होतो: १ म्हणजे शेव्हरले, २४ म्हणजे व्ही-८ कॅमारो, ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे ओहायोतलं नॉरवुड. इंजिन कोणतं? नंबर गप्प. एसएस की झेड/२८ ही कॅमारोची दुसरी जोरदार आवृत्ती? तरीही गप्प. नॉरवुडच्या गाड्यांना डिसेंबर १९६८च्या सुमारास बॉडीच्या पट्टीवर (नंबराच्या पट्टीहून वेगळी, बॉडीचा तपशील देणारी) एक्सने सुरू होणारा संकेत येऊ लागला. एक्स३३ किंवा एक्स७७ असेल तर झेड/२८. पण लॉस एंजेलिसकडच्या कारखान्यातल्या गाड्यांना तो नाहीच. शेव्हरलेच्याच शेव्हेल या गाडीचंही तसंच. १९६६ ते ६८ची एसएस ३९६ असेल तर नंबर १३८ने सुरू होतो. १९६९पासून एसएस हा नुसता ऑप्शन झाला आणि नंबर साध्या मालिबूसारखा १३६वर आला. म्हणजे १९७०ची ४५४ इंजिनाची शेव्हेल, जिला बाजारात सगळ्यात जास्त मागणी, तीच नंबरावरून सिद्ध होत नाही. जीटीओचं उलट: १९६४-६५ला ती लेमान्सवरचा ऑप्शन, १९६६ ते ७१ स्वतःचा नंबर, २४२ने सुरू होणारा. पॉन्टियाकचे कागद पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मिळतात, म्हणून तिथे निदान दाद मागायला जागा आहे.

मग इंजिनावरचे आकडे. शेव्हरलेच्या व्ही-८मध्ये उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकचा एक लहानसा सपाट भाग बाहेर आलेला असतो. त्याला पॅड म्हणतात. त्यावर दोन गोष्टी ठोकलेल्या असतात. एक, इंजिन जोडल्याची खूण, उदाहरणार्थ व्ही०३१०डीझेड: व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०३१० म्हणजे १० मार्च, डीझेड म्हणजे १९६९ची झेड/२८. दुसरी, गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग, १९एन आणि पुढे सहा आकडे. हा दुसरा आकडा काही ब्लॉकवर ऑइल फिल्टरजवळ असतो. तो डॅशबोर्डवरच्या नंबराशी जुळला तर ‘मॅचिंग नंबर’, म्हणजे गाडीचं स्वतःचं मूळ इंजिन.

आता वाळूज-चिकलठाण्यातल्या कोणत्याही बोअरिंगवाल्याला विचारा: ब्लॉकचा माथा घासला की वरचे आकडे राहतात का? नाही राहत. पन्नास वर्षांत हजारो ब्लॉक असे प्रामाणिकपणे घासले गेले आणि कोरे झाले. आणि कोऱ्या पॅडवर नवे आकडे ठोकायला पंच विकत मिळतात. फसवणूक पकडायची ती इथेच. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्यार सरळ ओढून, सपाट करत, त्यामुळे पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक सरळ रेघा राहतात, कापडाच्या उभ्या धाग्यांसारख्या. ठोकलेले आकडे त्या रेघांना दाबून खाली गेलेले दिसतात. नंतर घासलेल्या पॅडवर गोल कमानीसारख्या खुणा असतात किंवा नुसती चकाकी. रेघा नाहीत आणि आकडे मात्र ताजे, कडा धारदार, ओळ सरळ: मग थांबा. हातोडीने ठोकलेल्या अस्सल आकड्यांची ओळ बऱ्याचदा किंचित वेडीवाकडी असते, हे उलट चांगलं लक्षण.

त्याखेरीज तारखांची साखळी. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जोडतात त्या कडेजवळ, ओतकामाची तारीख उमटलेली असते. सी ३ ९ म्हणजे मार्च ३, १९६९. ए जानेवारी, बी फेब्रुवारी, असं एलपर्यंत. गाडीच्या बॉडीच्या पट्टीवर ०३सी असेल तर मार्चचा तिसरा आठवडा. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग गाडी: ३ मार्च, १० मार्च, मार्चचा तिसरा आठवडा. बसलं. ओतकाम डी म्हणजे एप्रिलचं निघालं, तर गाडीनंतर जन्मलेलं इंजिन तिच्या पोटात आलं कुठून? ओतकाम गाडीच्या दोन-चार आठवडे आधीचं असणं नेहमीचं. चार-पाच महिन्यांचं अंतर असेल तर कारण विचारायचं. आणखी एक खाच: वर्षाचा एकच आकडा असल्याने ९ म्हणजे १९६९ही आणि १९७९ही. म्हणून तारखेबरोबर ब्लॉकचा ओतीव क्रमांकही ताडून घ्यावा. फोर्डमध्ये क्रम वेगळा, आधी वर्ष: ९ए१५ म्हणजे १५ जानेवारी १९६९. क्रायस्लरमध्ये पूर्ण आकड्यांत तारीख, आणि गाडीचा नंबर उजव्या बाजूला ऑइल पॅनच्या कडेवर.

अशाच तारखा कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि प्रत्येक काचेवरही असतात. एखादी काच नंतरची निघाली तर बिघडत नाही, दगड सगळ्यांनाच लागतात. पण एका बाजूच्या तिन्ही काचा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या सालच्या असतील, तर त्या बाजूचा पत्रा नीट बघा. मोठा अपघात असण्याची शक्यता असते.

नंबराची पट्टीही बघायची. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर ती पाकळ्यांच्या फुलासारख्या रिव्हेटने लावत. साधे गोल रिव्हेट किंवा स्क्रू दिसले तर तिथून परत फिरा; अमेरिकेत नंबर काढणं-बदलणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. १९६८-६९च्या कॅमारोत नंबराचा भाग आणखी दोन ठिकाणी लपवून ठोकलेला आहे, एक हीटरच्या पेटीमागे फायरवॉलवर (इंजिन आणि बसायच्या जागेमधला पत्रा) आणि एक काचेपुढच्या जाळीखाली. हे बघायला पेटी सोडवावी लागते, पण गाडी महाग असेल तर सोडवावी. कारण आज डायनाकॉर्नसारख्या कंपन्या पहिल्या पिढीच्या कॅमारोचे आणि ६०च्या दशकातल्या मस्टंगचे सबंध नवे सांगाडे विकतात. जुनी पट्टी, नवा सांगाडा: गाडी चकचकीत, आणि तिच्यात १९६९चं काय, तर तेवढी पट्टी.

कागदांबद्दल थोडक्यात. कारखान्यातला बिल्ड शीट, म्हणजे त्या गाडीत काय काय बसवायचं याची यादी, मागच्या सीटच्या स्प्रिंगखाली, कार्पेटखाली किंवा पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर सापडतो. उंदरांनी कुरतडलेला, तेलकट, अर्धा फाटलेला. असा अर्धाच मिळाला तरी जपा. लॅमिनेट केलेल्या करकरीत शीटपेक्षा त्याला जास्त मोल आहे. शेव्हरलेच्या वॉरंटीच्या पुस्तकात धातूची छोटी पट्टी असे, तीत इंजिनाचा संकेत उमटवलेला. तिच्याही नकला निघतात, म्हणून ती एकटी पुरावा नव्हे.

पत्र्याचं गणित आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल. मिशिगन-ओहायोत हिवाळ्यात बर्फावर मीठ टाकतात, ते गाडीला खालून खातं. ॲरिझोना किंवा पश्चिम टेक्सासची गाडी म्हणजे बीड-धाराशिवच्या उन्हात उभी राहिलेली जीप: डॅशबोर्ड तडकलेला, रबरं भुसभुशीत, पण पत्रा शाबूत. रबर विकत मिळतं. शंका असेल तर ही उन्हातलीच घ्या.

१९६५ ते ६८च्या मस्टंगची दुखरी जागा काचेपुढच्या जाळीखाली आहे. तिथे पाणी साचतं, गंजतं आणि डॅशबोर्डमागून थेट पायाशी गळतं. वरून काही दिसत नाही. विकणाऱ्याच्या परवानगीने जाळीत दोन-तीन लिटर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्याला टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली बसवा. थेंब पडला तर दुरुस्तीसाठी समोरचा सगळा जोड उघडावा लागतो, आणि ते काम सोपं नाही. इंजिनाशेजारच्या शॉक टॉवरला (पुढचा शॉक ॲबसॉर्बर वर जिथे टेकतो तो उभा पत्रा) तडे आहेत का बघा. शेव्हेल आणि कॅमारोत मागच्या काचेची चौकट बघा, विशेषतः छताला रेक्झिन असेल तर. त्याखाली फोड आल्यासारखं लागलं की पत्रा गेलेला.

पुट्टी ओळखायला जुना उपाय चालतो. फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक चाकाच्या कमानीवर, दाराच्या खालच्या कडेला आणि मागच्या चाकापुढे फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली पत्रा नाही, पुट्टी आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. दोनशे-तीनशे म्हणजे पुन्हा रंगवलेली. हजाराच्या वर म्हणजे भर. मागच्या मडगार्डाच्या आतल्या जोडावर स्पॉट वेल्डिंगचे वाटाण्याएवढे खड्डे ओळीत दिसायला हवेत. ते नसतील आणि घासून सपाट केलेलं दिसलं, तर पत्रा बदललेला आहे. चांगल्या हाताने बदलला असेल तर तो दोष नाही. फक्त त्याला ‘ओरिजिनल’ म्हणू नये.

किंमत मग कशी काढायची? अमेरिकेत जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या हॅगर्टी कंपनीचे दर लोक धरतात; त्यात गाडीची अवस्था एक ते चार. एक म्हणजे स्पर्धेत उभी करायची, चार म्हणजे चालते पण दुखणी आहेत. विकणारा जिला दोन म्हणतो ती बहुतेक वेळा तीन असते. मूळ इंजिन गेलं असेल पण गाडी खरी असेल, तर आमच्या हिशेबाने पाव भाव वजा. नक्कल असेल तर खरीचा दर विसरा, साध्या गाडीचा दर धरा आणि वर बसवलेल्या इंजिनाचे सेकंडहँड पैसे. हॉर्सपॉवरच्या आकड्याला भुलू नका: १९७१पर्यंतचे आकडे पंखा-सायलेन्सर न लावता मोजलेले, १९७२पासूनचे गाडीत बसवलेल्या इंजिनाचे, म्हणून एकदम पडलेले दिसतात. शिवाय १९६८-७०च्या फोर्डच्या ४२८ कोब्रा जेट इंजिनावर कागदोपत्री ३३५ लिहिलंय, ते विम्याच्या धाकाने मुद्दाम कमी, असं जाणकार मानतात.

इकडचं थोडं. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते: पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’, पहिली फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण पाच हजार. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालत नाही. महत्त्वाची अट अशी की गाडी मूळ रूपात हवी; चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. पेट्रोल परवडेना म्हणून ज्या जुन्या शेव्हरले-डॉजमध्ये डिझेल इंजिनं बसवली, त्यांच्यापुढे हा प्रश्न उभा आहे. मूळ इंजिन गोठ्यात, परसात पडलं असेल तर ते भंगारवाल्याला देऊ नका, आकडे दिसतील असं ग्रीस लावून पोत्यात ठेवा.

आणि एक गैरसमज. डाव्या स्टिअरिंगची गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, असं सर्रास सांगतात. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम १२० वाचा: ठरवलेलं सिग्नल देणारं उपकरण चालू असेल तर ती चालवता येते. मसल कार भारतात कधी जुळवल्या गेल्या नाहीत, त्यामुळे इथे उजव्या स्टिअरिंगची दिसली तर बहुधा ती नंतर फिरवलेली आहे. फायरवॉल कापून स्टिअरिंग उजवीकडे आणलेल्या गाडीची किंमत जगात कुठेही उतरते. आयातीची जकात इतकी जड आहे की ती आधी लिहून काढल्याशिवाय गाडीचं स्वप्नही बघू नये.

तर अमेरिकेतून ‘घेऊ का?’ असा फोन आला, की काकांनी पाच फोटो मागवावेत: नंबराच्या पट्टीचा रिव्हेटसकट, बॉडीच्या पट्टीचा, ब्लॉकच्या मागच्या तारखेचा, गाडीखालून मागच्या चाकांपर्यंतचा, आणि इंजिनाच्या पॅडचा, तिरप्या उजेडात, म्हणजे रेघा दिसतात. पॅड सॅंडपेपरने घासू द्यायचा नाही. विकणारा म्हणाला की तिथे ग्रीस बसलंय, काही दिसत नाही, तर चिंधी आणि ब्रेक क्लीनरचा डबा त्याच्याही गॅरेजात असतोच.

आपला,
जुन्या गाड्यांची कामं करणारा एक वाचक,
छत्रपती संभाजीनगर